डब्ल्यूआर-९० च्या नळीतून ५.८ गिगाहर्ट्झ: एका रिजच्या कटऑफ तरंगलांबीचा प्रकरण अभ्यास

सोलापुरातल्या आमच्या प्रयोगशाळेत मायक्रोवेव्हची सगळी बाकं एक्स-बँडची, म्हणजे ८ ते १२ गिगाहर्ट्झची, आहेत. गन ऑसिलेटर, आयसोलेटर, ॲटेन्युएटर, स्लॉटेड लाइन, सगळं डब्ल्यूआर-९० मापाच्या पितळी वेव्हगाइडमध्ये, म्हणजे मायक्रोवेव्ह वाहून नेणाऱ्या पोकळ आयताकृती नळीत. आतली रुंदी २२.८६ मिमी, उंची १०.१६ मिमी. शेवटच्या वर्षाच्या एका गटाने प्रकल्प निवडला तो गावाला शोभणारा: सायझिंगमधून बाहेर येणाऱ्या ताण्याच्या धाग्यात ओलावा किती उरला आहे, हे मायक्रोवेव्हने मोजायचं. ताण्याला खळ लावून तो वाळवतात. धागा जास्त वाळला तर ठिसूळ होऊन मागावर तुटतो, ओलसर राहिला तर बीमवर, म्हणजे ताणा गुंडाळायच्या रुळावर, चिकटतो. त्यामुळे ही मागणी खरी आहे, केवळ मार्कांपुरती नाही.

स्रोत म्हणून मुलांनी ५.८ गिगाहर्ट्झचं मॉड्यूल घेतलं. ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त वापराचा असल्याने अशी मॉड्यूलं स्वस्तात मिळतात. अडचण लगेच पुढे आली. वेव्हगाइडमध्ये क्षेत्राच्या ठरावीक मांडण्याच पुढे जातात, त्यांना मोड म्हणतात. एखाद्या मोडने जाऊ शकणारी सर्वांत लांब तरंगलांबी ती त्याची कटऑफ तरंगलांबी. आयताकृती वेव्हगाइडमध्ये मुख्य मोडची कटऑफ तरंगलांबी रुंदीच्या दुप्पट असते, म्हणजे इथे ४५.७२ मिमी. वारंवारतेत ते होतं ६.५५७ गिगाहर्ट्झ. ५.८ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ५१.७ मिमी, म्हणजे कटऑफपेक्षा लांब. अशी लहर नळीत शिरल्यावर पुढे सरकत नाही, जागीच विरत जाते. दर मिलीमीटरला ०.५६ डेसिबल या दराने १५० मिमी लांबीच्या तुकड्यात ती ८० डेसिबलहून अधिक खाली येते. दुसऱ्या टोकाला हाती काही लागत नाही.

सरळ उपाय म्हणजे मोठी नळी. डब्ल्यूआर-१५९ ची रुंदी ४०.३९ मिमी आणि कटऑफ ३.७१ गिगाहर्ट्झ, तिच्यातून ५.८ आरामात जातं. पण तिची उंची २० मिमी. त्या पोकळीत एक बारीक धागा सोडला तर क्षेत्राला त्याची फारशी दखलही लागत नाही. आम्हाला क्षेत्र एका चिंचोळ्या फटीत गोळा करायचं होतं. म्हणून रिज: नळीच्या खालच्या भिंतीवर मधोमध, पूर्ण लांबीभर एक धातूची पट्टी. तिने फट चिंचोळी होते आणि कटऑफही खाली येतो. दोन्ही कामं एकाच पट्टीत.

गटातल्या एका मुलीने विचारलेला प्रश्न हाच या प्रकरणाचा गाभा. "सर, पट्टी टाकली तरी नळीची रुंदी तीच राहते. मग रुंदीची दुप्पट बदलेल कशी?"

रुंदीची दुप्पट हा आयताचा निकाल आहे, वेव्हगाइडचा नियम नाही. नियम असा: छेदाच्या, म्हणजे नळीच्या आडव्या कापाच्या, आत एक फलन शोधायचं. टीई मोडसाठी, ज्यात विद्युत क्षेत्र पूर्णपणे नळीला आडवं असतं, ते म्हणजे नळीच्या लांबीच्या दिशेचं चुंबकीय क्षेत्र. त्याने हेल्महोल्ट्झ समीकरण, म्हणजे एका वारंवारतेच्या लहरीचं समीकरण, पाळलं पाहिजे आणि भिंतीशी त्याचा लंब दिशेचा उतार शून्य असला पाहिजे. अशी फलनं ठरावीक कटऑफ तरंगांकांनाच मिळतात. त्यातला शून्य सोडून सर्वांत लहान तरंगांक घ्यायचा आणि दोन पायला त्याने भागायचं, की कटऑफ तरंगलांबी मिळाली. आयतात हे गणित इतकं सोपं सुटतं की उत्तरात फक्त रुंदी उरते, आणि तेवढंच डोक्यात बसतं. एरवी हा आकडा अख्ख्या छेदाचा असतो, त्यातल्या कुठल्याही एका मापाचा नाही.

रिजबाबत हे डोळ्यांसमोर आणायला एक वाट आहे. कटऑफला लहर नळीच्या लांबीने जातच नाही, ती आडवी, डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत उभी राहते. मधली फट तेव्हा कपॅसिटरसारखी वागते आणि दोन्ही बाजूंच्या खोलगट जागा इंडक्टरसारख्या. पट्टी जितकी उंच, तितकी फट कमी, कपॅसिटन्स जास्त, अनुनाद खाली. रुंदी न बदलता कटऑफ उतरतो तो असा.

पट्टी किती असावी हे ठरवण्याआधी मुलांनी छेदाची जाळी पाडून तरंगांक काढणारा छोटा फायनाइट एलिमेंट प्रोग्रॅम लिहिला. रिजवर तो चालवण्याआधी उत्तर माहीत असलेल्या आकारांवर चालवून बघायचा, असा माझा आग्रह होता. आयत झाला. समभुज त्रिकोणात मुख्य मोडची कटऑफ तरंगलांबी बाजूच्या बरोबर दीडपट येते, तीही जुळली. मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो अर्धवर्तुळाचा छेद. त्याचं उत्तर पूर्ण वर्तुळाचंच येतं, त्रिज्येच्या ३.४१ पट. मुलांना आधी शंका आली की प्रोग्रॅम चुकतोय, अर्धी जागा काढून घेतली तरी आकडा हलत कसा नाही. पण वर्तुळाच्या मुख्य मोडमध्ये एका व्यासावर विद्युत क्षेत्र सगळीकडे त्या व्यासाला काटकोनात असतं. तिथे धातूचा पत्रा सरकवला तरी क्षेत्राला काही कळत नाही. उलट फायदाच होतो: वर्तुळात पुढचा मोड १.३१ पट वारंवारतेला सुरू होतो, अर्धवर्तुळात तो मोड पत्र्यामुळे मरतो आणि पुढचा थेट १.६६ पटीला येतो.

मग मर्यादा. कुठलाही विचित्र आकार समोर आला की मी आधी दोन कुंपणं घालून घेतो. गणितज्ञ सेगो यांनी १९५४ मध्ये सिद्ध केलं की भोक नसलेल्या, दिलेल्या क्षेत्रफळाच्या सगळ्या आकारांत टीई मोडचा पहिला तरंगांक वर्तुळात सर्वांत मोठा असतो. म्हणजे कटऑफ तरंगलांबी क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या १.९२५ पटीपेक्षा कमी असूच शकत नाही. पेन आणि वाइनबर्गर यांचा १९६० चा निकाल वरची बाजू धरतो: ती छेदातल्या सर्वांत लांब अंतराच्या दुपटीहून जास्त असू शकत नाही. रिकाम्या डब्ल्यूआर-९० ला हे लावलं तर २९.३ आणि ५०.० मिमी येतं, खरा आकडा ४५.७२ बरोबर मध्ये बसतो.

रिज टाकल्यावर मात्र वरचं कुंपण मोडतं. पेन-वाइनबर्गरचा निकाल फक्त बहिर्वक्र आकारांसाठी आहे, ज्यात कुठलेही दोन बिंदू सरळ रेषेने जोडले तरी रेषा आतच राहते. रिजने छेद उलट्या यू अक्षरासारखा होतो. डाव्या खोलगट भागाच्या तळातून उजव्या तळापर्यंत जायचं तर पट्टीवरून वळसा पडतो, आणि लहरीला तो वळसाच मोजावा लागतो. गटातल्या एकाने प्रोग्रॅमचं ६९ मिमीचं उत्तर केवळ "५० च्या वर जातंय" म्हणून बाद केलं होतं. त्याला ही अट दाखवल्यावर पुढचा तासभर आम्ही फक्त एवढंच बोललो, की प्रमेय वापरताना त्याची अट त्याच्या निष्कर्षाइतकीच मोठ्याने वाचायची असते.

पट्टी ठरली १० मिमी रुंद, ६ मिमी उंच, कारण त्या मापाची ॲल्युमिनियमची पट्टी तयार मिळत होती. फट उरली ४.१६ मिमी, दोन्ही बाजूंना ६.४३ मिमीच्या खोलगट जागा.

पहिला हिशेब हाताने. फलन फक्त आडव्या दिशेने बदलतं असं धरलं, तर फटीतली लहर आणि बाजूची लहर पट्टीच्या कडेशी जुळवून एक समीकरण मिळतं: उंची भागिले फट, गुणिले तरंगांकाच्या ५ मिमी पटीचा टॅन, बरोबर तरंगांकाच्या ६.४३ मिमी पटीचा कॉट. कॅल्क्युलेटरवर तरंगांक आला मिमीला ०.१००, म्हणजे कटऑफ तरंगलांबी ६२.८ मिमी, ४.७७ गिगाहर्ट्झ. पुस्तकांत याला ढोबळ उत्तर म्हणून पुढे जातात. मला त्यात एक मोलाची गोष्ट दिसते. रॅले गुणोत्तरात (छेदभर मिळून फलनाच्या उताराचा वर्ग भागिले फलनाचा वर्ग) निव्वळ आडवं बदलणारी फलनं घालून जे किमान मूल्य मिळतं, ते नेमकं हेच आहे. आणि रॅले गुणोत्तर तरंगांक नेहमी खऱ्यापेक्षा मोठाच देतं. म्हणजे ६२.८ हा अंदाज नसून हमीचा तळ आहे. खरी कटऑफ तरंगलांबी याच्या खाली येणार नाही.

या हिशेबात सुटतं ते पट्टीच्या कोपऱ्यांपाशी वाकणारं क्षेत्र. त्या कोपऱ्याचा जादा कपॅसिटन्स काढायचं सूत्र व्हिनरी आणि जेमिसन यांनी १९४४ मध्ये दिलं आणि कोहन यांनी १९४७ मध्ये ते रिज वेव्हगाइडला लावलं. आमच्या फटीसाठी तो कपॅसिटन्स निर्वाताच्या परमिटिव्हिटीच्या ०.३६ पट निघतो, दर एकक लांबीला, प्रत्येक कोपऱ्याशी. ऐकायला किरकोळ आहे, पण तो समीकरणात घातल्यावर उत्तर ६२.८ वरून ६९.४ मिमीवर जातं. वारंवारता ४.३२ गिगाहर्ट्झ. दोन कोपऱ्यांनी सव्वाचारशेहून अधिक मेगाहर्ट्झचा फरक पाडला. विचित्र छेदात कोपरे गाळून चालत नाहीत ते यामुळे.

प्रोग्रॅमचं उत्तर जाळी बारीक करत नेली तसं वर वर सरकत ६९.५ च्या आसपास स्थिरावलं. पट्टीच्या कोपऱ्यांशी क्षेत्र टोकदार होत असल्याने जाळी तिथे बाकी छेदापेक्षा पुष्कळ बारीक करावी लागली, नाहीतर आकडा फार हळू सरकतो. दोन पद्धती जुळल्या म्हणून मुलं खूश झाली. मी त्यांना थांबवलं. हाताचा हिशेब तरंगलांबी कमी दाखवतो. कोपऱ्याचं सूत्र स्थिर क्षेत्राचं असल्याने तेही किंचित कमीच दाखवतं. फायनाइट एलिमेंटही खालूनच वर येतं. तिन्ही वाटा एकाच बाजूने येणाऱ्या असल्या, तर त्या जुळण्याला अर्धाच अर्थ आहे. दुसऱ्या बाजूने येणारी गोष्ट आमच्याकडे एकच होती: मोजमाप.

पट्टी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये कापून, भोकं पाडून घेतली. तिथले मिस्त्री एरवी मागाचे सुटे भाग करतात, हात अतिशय साफ. त्यांनी विचारलं, "सर, पाव सूत इकडंतिकडं चालतंय ना?" पाव सूत म्हणजे ०.८ मिमी. फट तेवढी वाढली तर कटऑफ ४.३२ वरून ४.७० गिगाहर्ट्झवर जातो. ५.८ तरीही जाईल, पण नळीतली तरंगलांबी ७७ मिमीवरून ८८ वर जाईल आणि प्रोबच्या, म्हणजे नळीत घालायच्या मोजणीच्या सुयांच्या, सगळ्या जागा चुकतील. फटीत ०.१ मिमीला साधारण ४५ मेगाहर्ट्झ, असा दर मी त्यांना कागदावर लिहून दिला. मिस्त्री म्हणाले, "मग तसं सांगा की. मायक्रोमीटरवर धरू." आणि धरलं.

मोजायची रीत अशी. नळीचा १५० मिमीचा तुकडा घ्यायचा, दोन्ही तोंडं पितळी पत्र्यांनी बंद करायची, बारीक प्रोब घालून ६ गिगाहर्ट्झपर्यंत चालणाऱ्या हाती नेटवर्क ॲनालायझरवर अनुनादाचे खड्डे, म्हणजे परत येणारी लहर एकदम घटते त्या वारंवारता, बघायचे. बंद पोकळीत प्रत्येक अनुनादाच्या वारंवारतेचा वर्ग म्हणजे कटऑफचा वर्ग, अधिक लांबीत बसलेल्या अर्धलहरींचा वाटा. लांबी १५० मिमी घेण्यामागे हेतू होता: प्रकाशाचा वेग भागिले दुप्पट लांबी जवळजवळ नेमकी १ गिगाहर्ट्झ येते, म्हणून हा वाटा १, ४, ९, १६ असा सुटसुटीत होतो.

पहिल्याच वेळी पडद्यावर जे आलं त्याने सगळे गोंधळले. कटऑफच्या खाली, जिथे शांतता हवी, तिथे साधारण दर एक गिगाहर्ट्झला एक खड्डा. ३ च्या आसपास एक, ४ च्या आसपास एक. मुलांनी आधी केबल बदलली, मग कॅलिब्रेशन पुन्हा केलं. खड्डे तिथेच.

पट्टी दोन टोकांच्या दोन स्क्रूंवर बसवली होती आणि ती ॲनोडाइज केलेली, म्हणजे वीज न वाहणाऱ्या थराची होती. फिलर गेजचं ०.१ मिमीचं पान मधल्या भागात पट्टीखाली सहज सरकलं. आता हिशेबाने बघा: पट्टी ०.१ मिमी उचलली गेली तर वरची फट तेवढी घटते आणि खाली तेवढीच नवी फट तयार होते. मुख्य मोडच्या दृष्टीने दोन्ही फटी मिळून जवळपास तेवढ्याच राहतात, त्यामुळे ६९.५ चा आकडा फारसा हलत नाही. हलते ती छेदाची जातकुळी. पट्टी भिंतीला चिकटलेली असेल तर छेदात एकच वाहक आहे. ती सुटी झाली की दोन वाहक झाले, नळीत एक वेगळी दांडी. आणि दोन वाहक असले की टीईएम मोड येतो, ज्यात विद्युत आणि चुंबकीय दोन्ही क्षेत्रं नळीला आडवी असतात आणि ज्याला कटऑफ नसतोच. तो कुठल्याही वारंवारतेला जातो, आणि टोकांना बंद असलेल्या १५० मिमीत दर एक गिगाहर्ट्झला अनुनाद देतो. पडद्यावर नेमकं तेच दिसत होतं.

प्रोग्रॅमने हे आधी का सांगितलं नाही, असं मुलांनी विचारलं. तो सांगूच शकत नव्हता. आम्ही लांबीच्या दिशेच्या चुंबकीय क्षेत्रावर गणित मांडलं होतं, आणि टीईएममध्ये ते क्षेत्र शून्य असतं. पट्टी सुटी दाखवून छेदाचं चित्र दिलं असतं तरी प्रोग्रॅमने बिनतक्रार ६९.५ च्या जवळचाच आकडा दिला असता. विचित्र छेदांच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट: तरंगांक काढायला बसण्याआधी, छेदात एकमेकांपासून सुटे असे किती वाहक आहेत ते बोटांवर मोजावं.

पट्टीचा तळ पॉलिश पेपरने घासून ॲनोडायझिंगचा थर काढला, आणि मिस्त्रींनी मधोमध दर २० मिमीला एक स्क्रू घेतला. इतक्या जवळ स्क्रू असले की दोन स्क्रूंमधल्या तुकड्याचा अनुनाद ७.५ गिगाहर्ट्झला ढकलला जातो, आमच्या पट्ट्याच्या पुष्कळ वर. कटऑफखालचे खड्डे गेले. वर चार उरले: ४.४६, ४.७९, ५.२८ आणि ५.९१ गिगाहर्ट्झ. त्यांचे वर्ग १९.८९, २२.९४, २७.८८, ३४.९३. त्यातून १, ४, ९, १६ वजा केले की चारही वेळा १८.९ च्या जवळच उत्तर येतं. वर्गमूळ ४.३५ गिगाहर्ट्झ, कटऑफ तरंगलांबी ६८.९ मिमी. फळ्यावर ही चार वजाबाक्या एकाखाली एक लिहिल्या तेव्हा वर्ग शांत होता आणि मला मनापासून आनंद झाला. एकेका खड्ड्यावर विश्वास ठेवायची गरजच नाही, चारही मिळून एकच गोष्ट सांगतात.

हिशेबापेक्षा मोजमाप ३५-४० मेगाहर्ट्झने वर होतं. घासल्यानंतरची पट्टी मायक्रोमीटरखाली धरली तर उंची ५.९२ मिमी निघाली. फट ४.१६ नव्हे, ४.२४. मिस्त्रींना दिलेल्या त्याच दराने ०.०८ मिमीचे ३६ मेगाहर्ट्झ होतात. तिथे फरक मिटला.

उन्हाळ्याचा प्रश्नही निघाला, सोलापुरात तो निघणारच. पारा चाळिशीपार जातो तेव्हा नळी फुगून कटऑफ सरकेल का? ॲल्युमिनियम दर अंशाला दशलक्षात २३ भाग वाढतं, पितळ त्याहून थोडं कमी. वीस अंशांच्या फरकाने कटऑफ जेमतेम दोन मेगाहर्ट्झ हलतो. मायक्रोमीटरवरच्या एका रेषेपुढे तो काहीच नाही.

५.८ ला नळीतली तरंगलांबी आता ७८ मिमी धरून प्रोबच्या जागा नक्की केल्या आहेत. पुढचं काम धाग्यासाठी भोकं पाडण्याचं. फटीच्या उंचीवर, दोन्ही अरुंद भिंतींना समोरासमोर ३ मिमीची भोकं हवीत. भोकातून ऊर्जा बाहेर गळेल, अशी मुलांना भीती आहे. पण ते भोक म्हणजे स्वतःच एक गोल वेव्हगाइड आहे, त्रिज्या दीड मिमी, कटऑफ तरंगलांबी ५.१ मिमी. त्यात ५.८ गिगाहर्ट्झ दर मिलीमीटरला १०.६ डेसिबलने विरतं. नळीची भिंत १.२७ मिमी जाडीची, म्हणजे नुसत्या भिंतीत १३ डेसिबल. त्यावर बाहेरून ५ मिमी लांबीची, त्याच भोकाची पितळी नळी डाखली तर आणखी ५३. ओला धागा धातू नसल्याने तो दुसरा वाहक ठरत नाही, त्यामुळे टीईएमचा धोकाही नाही. त्या दोन नळ्यांची मापं मिस्त्रींकडे गेली आहेत, या वेळी मायक्रोमीटरच्या आकड्यांतच.